सोनईजवळच्या शाळेतला पाट

नगरला जायचं ठरलं ते आईशी भांडूनच. गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे, त्यामुळे या पोस्टमधली भाडी आणि खाणावळी शोधत बसू नका. रस्ते मात्र अजून त्याच गावांवरून जातात.

मी तेव्हा साताऱ्यात वास्तुविशारद म्हणून स्वतःचं छोटं ऑफिस चालवायचे. बंगले मोठ्या नावांकडे जायचे, माझ्याकडे यायच्या बागा, सोसायट्यांची मैदानं, झोपाळे आणि घसरगुंड्या. अपंगांसाठीचा कायदा नुकताच झाला होता आणि नगरला आमच्यासारखं काम करणाऱ्या लोकांसाठी एक उजळणी वर्ग निघाला होता. सगळ्या मुलांना एकत्र खेळता येईल अशी मैदानं कशी आखायची, पाण्याचे खेळ कसे बांधायचे, असा विषय. शेवटी एका खेड्यातल्या शाळेत प्रत्यक्ष बांधकामही करायचं होतं.

"नगरला पाण्याचे खेळ?" आई म्हणाली. "तिथं प्यायला मिळतं का ते आधी विचार." मग खरा मुद्दा आला. "आणि एसटीच्या पायऱ्या कोण चढणार? तुझा पाय?"

माझ्या उजव्या पायात मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी कॅलिपर असतो. तान्ही असताना पोलिओ झाला. कॅलिपर नसेल तर मी उभीच राहू शकत नाही, रांगते. लहानपणी तर धावणाऱ्या पोरांना मागे टाकेन अशी रांगायचे. एकदा पाहुणे बसलेले असताना मी अशीच बाहेरच्या खोलीत आले, तर आईनं मला उचललं, आत नेलं आणि दार लावून घेतलं. "लोकांसमोर रांगायचं नाही, कुंदा. लोक कीव करतात." तेव्हापासून कॅलिपरशिवाय मला आईखेरीज कुणी पाहिलेलं नव्हतं. आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिनं लोकांच्या नजरा माझ्या आधीपासून झेलल्या होत्या.

तर निघाले. सातारा ते स्वारगेट, तिथून रिक्षानं शिवाजीनगर स्टँड आणि मग नगरची गाडी. कॅलिपर लावणाऱ्यांना एक अनुभवाचा सल्ला देते. कंडक्टरच्या मागची जागा मागून घ्या, लाजू नका, आणि पाय सरळ ठेवायला मिळेल ती बाजू धरा. शिरूरला चहा झाला. सुप्याच्या पुढे माळरान सुरू झालं आणि थंडीचे दिवस असूनही ऊन डोळ्यांवर येऊ लागलं. माळीवाड्याला उतरले तेव्हा कंबर लाकूड झाली होती. जवळच एका लॉजवर तळमजल्याची खोली मिळाली. समोरच्या खाणावळीत बाजरीची भाकरी आणि शिपी आमटी. ती आमटी पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी काढते आणि दुसऱ्या घासाला परत बोलावते. मी रोज तेच खाल्लं.

वर्ग घ्यायला होते प्रधान सर. आयुष्यभर नगररचनेचं काम केलेले, इस्त्रीची पँट, हळू आवाज, विषयावर मनापासून प्रेम. परदेशी मैदानांच्या स्लाइड दाखवताना त्यांचा आवाज भरून यायचा. उतार किती असावा, कठडा किती उंच, चाकांच्या खुर्चीतल्या मुलाचा हात कुठवर पोचतो, हे सगळं त्यांनी घोटून घेतलं. दवाखान्यातून एक खुर्ची उसनी आणली होती. सगळे अभियंते तिच्यात बसून पाहत होते, आणि चहाच्या सुट्टीत शर्यती लावत होते. मला कुणी बसायला सांगितलं नाही आणि कुणी काही विचारलंही नाही. माझ्या पायाकडे न बघण्याची सगळ्यांनी इतकी काळजी घेतली की मला हसू यायचं. अपवाद फक्त बोराड्यांचा. बीडकडचे, जिल्हा परिषदेत ओव्हरसिअर, पोट सुटलेले आणि तोंड त्याहून सुटलेलं.

"कुंदाताई, ते किती किलोचं हाय हो?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"तुमच्या पोटाहून कमी," मी म्हटलं. तेव्हापासून आमचं जमलं.

मध्ये एक दिवस भंडारदऱ्याची सहल होती. पहाटे जीप निघाली ती राहुरी, कोल्हार, संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला पोचली. ज्यांना जायचंय त्यांनी थंडीतच जा. धरण भरलेलं असतं, डोंगर धुतल्यासारखे दिसतात आणि गर्दी नसते. शेंडीत एका घरी तांदळाची भाकरी आणि पिठलं मिळालं, वर लसणाचा ठेचा. जेवण झाल्यावर सगळे पाण्याकाठी उतरले. वाट खडकाची होती.

"तुम्ही वरच थांबा," सर मायेनं म्हणाले. "इथूनच जास्त छान दिसतं."

खाली पाण्यात पाय सोडून सरांनी व्याख्यान दिलं. पाण्यापाशी सगळी मुलं सारखी होतात, हे वाक्य वाऱ्यावर वर आलं आणि मला खरंच ऐकू आलं. मी कठड्यावर बसून होते. राग आला. सरांचा नाही, ते भले माणूस होते. पाणी एवढं समोर असताना ते आपल्यासाठी नाही, हे मला इतक्या सहज पटलं होतं त्याचा आला.

दुसऱ्या दिवसापासून शाळेवरचं काम. गाव सोनईच्या अलीकडं, नाव सांगत नाही. नगरहून निघालं की घोडेगावपर्यंत हमरस्ता, मग आत वळायचं. वळल्यावर दोन्हीकडे ऊस आणि मधूनमधून बैल जुंपलेल्या घाण्यावरची रसवंती. रस आल्याचा घ्या, बर्फ टाकू देऊ नका. कालव्याला पाणी सुटलं होतं आणि रानोरान माणसं दारं धरत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाला पाटाचं पाणी देताना एक सरी, म्हणजे उसाच्या ओळींमधला चर, भरली की तिचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. याला दारं धरणं म्हणतात. इकडच्या घरांत पोर जरा मोठं झालं की त्याच्या हातात खोरं येतं.

शाळा दोन खोल्यांची होती. पुढे अंगण, अंगणात हापसा आणि हापशाभोवती चिखल. आमचा आराखडा असा होता की अंगण ओलांडलं की वर्गाच्या दारापर्यंत सिमेंटचा उतार बांधायचा, आणि हापशाचं सांडपाणी खांबांवरच्या उंच पाटातून खेळवत न्यायचं. मुलांनी त्यात होड्या सोडायच्या, हात घालायचे, आणि पाणी शेवटी पपईच्या झाडांना जायचं.

पायाचे दगड पडत होते तेव्हाच शांताबाई आली. कडेवर सात-आठ वर्षांची पोरगी, दोन्ही पाय वाळक्या शेंगांसारखे लोंबत होते.

"पांगळ्या पोरांसाठी बांधताय म्हनं? ही माझी रमा. हिला शाळंत घ्या."

हेडमास्तर गुरुजी तिथंच होते. शांताबाईनं हे त्यांना आधीही विचारलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. "बाई, माझी ना नाही हो," ते म्हणाले. "पण मी एकटा, दोन वर्ग. पाठीचं दुखणं. हिला वर्गात आणायचं, पाण्यावर न्यायचं, कोण उचलणार? पोरांच्या हातून पडली म्हणजे?"

"मी येते की उचलायला."

"आणि तुझा रोज?"

रोज म्हणजे मजुरी. शांताबाई खुरपायला जायची आणि नवरा साखर कारखान्यात हंगामी कामाला होता. तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आमच्यात शिकल्याबिगर ऱ्हात न्हाई कोनी, गुरुजी. माझा बाप सांगून गेलाय, धम्म घेतला तवाच ठरलं म्हनून. हिच्या बहिनी शिकल्या. हीच का म्हनून ऱ्हाईल?"

गुरुजींनी पायाच्या दगडांकडे बघितलं. मग म्हणाले, "हे लोक बांधतायत ते झालं की बघू. फाटकापासून वर्गापर्यंत आणि पाण्यापर्यंत ती आपली आपण आली, कुणी न उचलता, तर त्याच दिवशी नाव घालतो. माझा शब्द."

तिथून पुढं मला त्या उताराच्या काळजीनं झोप लागेना. गवंडी सिमेंट ओतत होते आणि शांताबाई रोज येता-जाता बांधाशी उभी राहून बघत होती. सरांनी पुस्तकातली मापं काटेकोर पाळली. ओल्या सिमेंटवर झाडूनं रेघा ओढून उतार खरबरीत केला, चाकं घसरू नयेत म्हणून. पाट एवढा उंच घेतला की खुर्चीतल्या मुलाचे गुडघे खाली जावेत. काम देखणं झालं.

चाचणीच्या दिवशी अख्खं गाव जमलं. दवाखान्याची खुर्ची जीपमधून उतरली आणि रमाला तिच्यात बसवलं. बोराडे ढकलायला पुढे झाले तर तिनं त्यांचा हात झटकला. चाकं स्वतः फिरवत ती उतार चढली. मग उतरून पाटाशी गेली, गुडघे खाली गेले, हात पाण्यात. ती असं खिदळली की बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. फोटो निघाले. प्रधान सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मीही रडत होते, खोटं कशाला बोलू.

मग चहा आला. चहा पिता पिता ड्रायव्हर म्हणाला, "सर, खुर्ची आजच पोचवायची हाय दवाखान्यात." शांताबाईनं रमाला उचलून खाली जमिनीवर ठेवलं. खुर्ची मिटली आणि जीपमध्ये गेली.

रमा पाटाखाली बसली होती. वर बघत होती. सिमेंटच्या सांध्यातून एक थेंब तिच्या कपाळावर पडला. तिनं हात वर केला, तो पुरला नाही.

"आये," ती म्हणाली, "पानी वर गेलं."

सगळ्यांचे कप हातातच राहिले. मग गुरुजींनी विचारलं, "उद्यापासून खुर्ची कुठून आणायची?"

"अर्ज करता येईल," सर म्हणाले. "योजना आहेत."

"आली तरी चालवायची कुठं, सायेब?" शांताबाई म्हणाली. "आमच्या वस्तीपास्नं हितवर समदा चिखुल. पाटाचं पानी रस्त्यावर येतंय."

तोवर रमा रांगत उताराशी गेली होती. दोन्ही तळवे टेकून थोडी चढली आणि थांबली. तळहात उलटे करून बघितले. झाडूच्या रेघांनी सालटं निघाली होती. ती रडली नाही, आईकडे बघून कडेवर घे म्हणून हात पसरले. मला ते हात पसरणं सहन झालं नाही.

"बोराडे, जरा धरा मला," मी म्हटलं.

उताराच्या तोंडाशी बसले. पट्टे सोडले, बक्कल काढलं, कॅलिपर बाजूला ठेवला. गाव बघत होतं, आमचे सगळे अभियंते बघत होते. आईचा आवाज डोक्यात होता. मी तळवे टेकले आणि चढायला लागले. गुडघ्यावरची सलवार फाटली. वर पोचले तेव्हा हातांची आग होत होती, आणि आग झाली त्याहून जास्त मी चिडले होते.

"सर, हा उतार काही कामाचा नाही. हात सोलून निघतात. आणि तो पाट फोडावा लागेल."

"मापं बरोबर आहेत, कुंदाताई." सर दुखावले होते.

"मापं बरोबरच आहेत. पण खुर्ची आत्ता जीपमध्ये गेली ना?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मग ते उताराशी गेले, इस्त्रीच्या पँटसकट खाली बसले, आणि दोन हात रांगून बघितलं. कुणी हसलं नाही. उठताना बोराड्यांनी त्यांना हात दिला.

"फोडा," सर म्हणाले.

रमा अजून खालीच होती. मी तिच्याशेजारी बसले, तिच्याच उंचीवर. पाणी कसं पाहिजे, विचारलं.

"पाटासारकं. खाली," ती लगेच म्हणाली. "आन दारं पायजेत त्याला."

"घरी दारं कोण धरतं?"

"समदी. दादा, ताई, आये. मला न्हाई धरू देत. मी रानात गेल्येच न्हाई कदी. बांधावरनं बगते."

दुसऱ्या दिवशी नगरला समारोप होता, प्रमाणपत्रं होती. बरेच जण ती घेऊन घरी गेले, त्यांना नोकऱ्या होत्या, मी नावं ठेवत नाही. आम्ही मोजके मागे राहिलो. गवंड्यांच्या बरोबर बोराड्यांनीही शर्ट काढून घण मारले. उंच पाट पडला. नवा पाट जमिनीलगत, उथळ, कडा गोल आणि थापीनं घोटून गुळगुळीत केलेल्या. कडेला खाचा ठेवल्या, त्यात लाकडाच्या फळ्या बसवल्या. फळी उचलली की पाणी शेजारच्या मातीच्या सरीत जातं, बसवली की पुढं जातं. उताराचा मधला पट्टा फोडून घोटीव केला, दोन्ही बाजू खरबरीतच ठेवल्या, कधी खुर्ची आलीच तर. पाण्यानं उतार निसरडा होऊ नये म्हणून पाट त्याच्या खालच्या अंगाला घेतला. पुस्तकात हे कुठंच नव्हतं. सर एकेक माप घेऊन लिहीत होते.

सिमेंट वाळल्यावर एका सकाळी शांताबाईनं रमाला फाटकाशी सोडलं. वस्तीवरून आणताना कडेवरच आणलं होतं, त्या रस्त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. गुडघ्यांना तिनं गोणपाट बांधलं होतं. गुरुजी वर्गाच्या दारात उभे राहिले. रमा निघाली, अंगण ओलांडलं, पाटाशी पोचली आणि थांबली.

थांबली ती थांबलीच. पोरं हापसा मारत होती, पाणी येत होतं. रमानं एक फळी उचलली, सरीत पाणी घेतलं आणि दोन्ही हात चिखलात घातले. प्रार्थना झाली. घंटा झाली. पोरं वर्गात पळाली. ती एकटी बसून राहिली.

"रमे, चल की गं!" शांताबाई कळवळून म्हणाली.

"थांब ना. सरी भरंना अजून."

माझा जीव टांगणीला लागला. वाटलं, झालं, पाणी दिलं आणि त्याच पाण्यात आपण हिची शाळा बुडवली. गुरुजी दारातच उभे होते.

सरी भरली. रमानं फळी खाचेत बसवली, फटीत चिखल दाबला, वरून थोपटला. पाणी खरंच थांबलं की नाही हे वाकून बघितलं. मग वळली आणि उतार चढायला लागली. वर पोचली तर पुढं वर्गाचा उंबरा होता. जुना, दगडी, चांगला उंच. आमच्या कुणाच्याच तो डोक्यात आला नव्हता. मी कपाळावर हात मारून घेतला.

रमानं उंबऱ्यावर तळवे टेकले. गुरुजी सवयीनं वाकले, हात तिच्या काखेत जाणार तेवढ्यात थांबले, आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. ती एकदा घसरली. दुसऱ्यांदा पोट टेकवून पलीकडं पडली, आत.

"हात कुठं पुसू?" तिनं विचारलं.

गुरुजींनी खांद्यावरचा टॉवेल काढून तिला दिला. "पूस. आणि पूर्ण नाव सांग."

तिनं बापाच्या नावासकट ठणकावून सांगितलं. शांताबाई फाटकाबाहेर मटकन खाली बसली आणि तोंडात पदर घालून रडायला लागली. तो उंबरा बोराड्यांनी त्याच दिवशी काढून टाकला.

त्यानंतर मी पुष्कळ मैदानं बांधली. मुलाला खुर्ची आहे की काठी आहे की नुसते हात आहेत, हे पाहिल्याशिवाय कागदाला हात लावत नाही. तरुण वास्तुविशारद अभ्यासाला येतात तेव्हा त्यांना आधी जमिनीवर बसवते. काही जण वैतागतात, वैतागू देत. नगरची सहल करणाऱ्यांनी भंडारदरा जरूर बघावं, पण कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलेलं असताना सोनईकडच्या उसाच्या रस्त्यानंही एकदा जावं. बांधावर उभं राहून दारं धरणारी माणसं बघावीत.

त्या वेळी नगरहून साताऱ्याला परतले ते दिवेलागणीला. आई बाहेरच्या खोलीत भाजी निवडत होती. पुढचं दार उघडं होतं, गल्लीतून माणसं जात-येत होती, समोरच्या काकू ओट्यावर बसल्या होत्या. आईनं पाणी दिलं, नगरला खायला काय होतं विचारलं. मी तिला रमाचं सगळं सांगितलं. गोष्ट शाळेच्या उंबऱ्यापर्यंत आली तेव्हा तिनं भाजी बाजूला ठेवली होती.

मग मी तिथंच, उघड्या दारासमोर, पट्टे सोडले आणि कॅलिपर काढून भिंतीला टेकवला. खाली उतरले. चहा करावा म्हणून स्वयंपाकघराकडे रांगायला लागले.

आई उठली आणि दाराकडे गेली. काकू इकडेच बघत होत्या. मला वाटलं, आता दार लावणार. माझे हात होते तिथंच थांबले.

तिनं दारामागं उभी केलेली चटई काढली. माझ्यापुढं, स्वयंपाकघराच्या दिशेनं, ती अंथरली.

"फरशी गार आहे," ती म्हणाली. "आणि गुडघे बघ, काय करून आलीस."

दार उघडंच होतं.